"मामा, मी इकॉनॉमिक्स घेतो": कोल्हापुरातून अर्थशास्त्राची डिग्री आणि पुढची नोकरी, पायरी-पायरीनं

गेल्या महिन्यात मावसबहिणीची पोरगी घरी आली, बारावी आर्ट्स झालेली, चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच म्हणाली "मामा, मी इकॉनॉमिक्स घेतो." (टायपो नाही, आमच्या कोल्हापूरच्या पोरी घेतो-जातो-करतोच म्हणतात.) तिचे बाबा बाजूला बसलेले, ते म्हणाले "घे की, पण घेऊन करणार काय, बँकेत कॅशियर?" आणि मग सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण आमच्या अख्ख्या भावकीत इकॉनॉमिक्समध्ये एम.ए. केलेला मी एकटाच, आणि लग्नाकार्यात "रुपया का पडतोय रे" हे विचारायला ठेवलेला माणूसपण मीच. त्या दिवशी दोन तास बोललो. रात्री तिचा मेसेज, "मामा हे सगळं लिहून दे की, माझ्या तीन मैत्रिणींना पण पायजे." तेच हे.

आधीच सांगून टाकतो, नुसत्या बी.ए. इकॉनॉमिक्सला नोकरी नाही. ज्यांना मिळाली त्यांच्याकडं डिग्रीच्या जोडीला दोन गोष्टी होत्या, एक म्हणजे गणित-संख्याशास्त्र आणि दुसरं म्हणजे स्वतःच्या हातानं केलेलं एखादं काम, पिशवीतून काढून समोरच्याच्या टेबलावर ठेवता येईल असं. हे दोन नसेल तर मार्क ८० टक्के असले तरी मुलाखतीत "मागणीचा नियम सांगा" याच्या पुढं गाडी जात नाही. खाली जे काय लिहिलंय ते या दोन गोष्टींभोवतीच फिरतंय, त्यामुळं बाकीचं विसरला तरी चालेल.

पायरी १: आपल्याला हे आवडतं का, ते आठवड्यात तपासा

"सायन्सला गणित झेपत नाही म्हणून आर्ट्स, आर्ट्समध्ये इतिहास पाठ होत नाही म्हणून इकॉनॉमिक्स" अशा रस्त्यानं आलेली पोरं वर्गात निम्मी असतात, मी पण त्यातलाच. त्यात गुन्हा काही नाही, पण आधी एक आठवडा द्या. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची इकॉनॉमिक्सची पुस्तकं फुकट डाउनलोड होतात, त्यातलं संख्याशास्त्राचं पुस्तक आधी उघडा. मग एक दिवस सकाळी शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे बघायला जा, सीझनमध्ये, म्हणजे दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचा सौदा होतो त्यानंतर कधीही. गुळाचे रवे (ढेपा) ओळीनं मांडलेले असतात, व्यापारी नखानं टोकरून, चव घेऊन, रंग बघून बोली लावतात, आणि शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन ढिगांना क्विंटलमागं चांगला शेकड्यांनी वेगळा दर मिळतो. तिथं उभं राहून "असं का?" हा प्रश्न तुमच्या डोक्यात आपोआप आला तर इकॉनॉमिक्स घ्या. नुसतं "वास भारी येतोय" एवढंच वाटलं तर काकवी घेऊन घरी या आणि दुसऱ्या विषयाचा विचार करा, त्यात कमीपणा काही नाही.

आणि शेजारचे काका "आर्ट्सच्या डिग्रीला कोण विचारतंय" म्हणाले तर वाद घालू नका, फक्त सांगा की बाबासाहेबांच्या कोलंबिया आणि लंडनच्या डिग्र्या अर्थशास्त्रातल्याच होत्या. काका गप्प बसतात, अनुभव आहे.

पायरी २: गणित, गणित आणि परत गणित

इथं जरा थांबतो कारण इथंच मी आपटलोय. बी.ए. ला आम्ही सगळं मराठीतून, थिअरीवर काढलं. आकृती काढायची, "वरील आकृतीत अ-क्ष अक्षावर" लिहायचं, खाली गुण-दोष, झालं, फर्स्ट क्लास. त्या जोरावर पुण्याला एका नावाजलेल्या संस्थेत एम.ए. ची प्रवेश परीक्षा द्यायला गेलो. पेपर उघडला तर पहिल्याच पानावर एक फंक्शन दिलेलं, त्याची कमाल किंमत काढा, अट अमुक. मला डेरिव्हेटिव्ह (एक गोष्ट जराशी बदलली की दुसरी किती बदलते, ते काढायचं गणित) हा शब्द बारावीत सायन्सच्या मित्रांकडून ऐकून माहिती होता, तेवढाच. चाळीस मिनिटं पेन चावलं, पुढच्या पानावर मॅट्रिक्स, त्याच्या पुढं प्रोबॅबिलिटी. शेवटी नाव-नंबर नीट लिहिलाय का तेवढं तपासून बसून राहिलो आणि रात्रीच्या महालक्ष्मीनं परत. गाडीत झोप लागली नाही, गर्दीमुळं नाही. विषय आपलाच होता, सीमांत उपयोगिता, सीमांत खर्च, सगळं पाठ होतं, आणि "सीमांत" म्हणजेच डेरिव्हेटिव्ह हे तीन वर्षात कुणी सांगितलं नाही आणि मी पण विचारलं नाही.

तर नक्की काय करायचं. अकरावी-बारावीत असाल तर आर्ट्समध्येसुद्धा गणित घेता येतं, ज्या ज्युनिअर कॉलेजात ते शिकवतात तिथं जा, घरापासून दोन स्टॉप लांब पडलं तरी. दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्स इकॉनॉमिक्सला तर बारावीला गणित आणि सीयूईटीत (केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत) गणिताचा पेपर असल्याशिवाय उभंच करत नाहीत. बारावी बिनगणिताची झाली असेल (आमच्या भाचीची झालीय) तर रडत बसू नका, बोर्डाची कॉमर्सची गणिताची पुस्तकं आणा, जुन्या पुस्तकांच्या दुकानात निम्म्या किमतीत मिळतात, आणि रोज पाऊण तास, सहा महिने. क्रम असा ठेवा: आधी बीजगणिताची धूळ झटका, मग फंक्शन आणि आलेख, लॉगरिदम, मग डेरिव्हेटिव्ह, त्यातून कमाल-किमान किंमत काढणं, मग थोडं इंटिग्रेशन आणि मॅट्रिक्स. संख्याशास्त्रात सरासरी, प्रमाण विचलन, संभाव्यता, सहसंबंध, आणि शेवटी रिग्रेशन, म्हणजे एक आकडा दुसऱ्यावर किती अवलंबून आहे ते काढणं. व्हिडिओ बघून गणित येत नाही, हे कानाला खडा लावून घ्या, व्हिडिओ बघताना सगळं समजतं आणि वही उघडली की हात थांबतो. रोज पाच गणितं वहीत, चुकली तर खोडायची नाहीत, खाली परत करायची.

ह्याचा फायदा फक्त एम.ए. ला नाही. एसएससी सीजीएलमधून (दहावीची एसएससी नाही, केंद्र सरकारच्या पदवीधर भरतीची परीक्षा) ज्युनिअर स्टॅटिस्टिकल ऑफिसर व्हायचं असेल तर बारावीच्या गणितात ६० टक्के पायजेत नाहीतर डिग्रीला संख्याशास्त्र हा विषय पायजे. म्हणजे कॉलेजात संख्याशास्त्राचा पेपर "अवघड आहे" म्हणून सोडला की एक दरवाजा तिथंच बंद होतो आणि चार वर्षांनी फॉर्म भरताना कळतं.

पायरी ३: कॉलेज कसं निवडायचं

कोल्हापुरात कॉलेजांना तोटा नाही. राजाराम कॉलेज १८८० पासूनचं, विवेकानंद, न्यू कॉलेज, गोखले, शहाजी, कमला, महावीर, नावं सगळ्यांना पाठ आहेत. पण इकॉनॉमिक्स मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून आहे का, असेल तर सोबत कुठला मायनर, म्हणजे जोडविषय, मिळतो, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, त्यामुळं प्रॉस्पेक्टसवर विसंबू नका, ऑफिसच्या खिडकीवर पण नको, सरळ डिपार्टमेंटमध्ये जाऊन सरांना-मॅडमना भेटा आणि चारच प्रश्न विचारा. पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती. संख्याशास्त्राचे आणि गणिती पद्धतींचे पेपर कोण शिकवतं. ओजेटीला, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंगला, मागच्या वर्षी पोरं कुठं पाठवली. आणि कॉम्प्युटर लॅब आर्ट्सच्या पोरांना उघडी असते का. चौथ्या प्रश्नाला सर हसले तर समजून जा.

नवीन शैक्षणिक धोरणात आता मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, असं सगळं झालंय, घरच्यांना हे समजावताना घाम फुटतो. थोडक्यात, तीन वर्षं केली की पदवी, चौथं वर्ष केलं की ऑनर्स, आणि चार वर्षं केलेल्याला पुढं एम.ए. एका वर्षाचं. संशोधनासह ऑनर्स पायजे असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात. चौथं वर्ष घ्यावं का? माझं मत विचाराल तर, बाहेर चांगल्या ठिकाणी दोन वर्षांचं एम.ए. मिळत असेल तर तीन वर्षांवर बाहेर पडा. मिळत नसेल, किंवा घरून "लांब नको" असेल, तर चौथं वर्ष करा आणि त्यात प्रोजेक्ट दाबून चांगला करा.

मायनर गणित, संख्याशास्त्र किंवा कॉम्प्युटरचा मिळाला तर डोळे झाकून घ्या. नसेल तर भूगोल बरा, नकाशे आणि जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशात माहिती मांडणं) हाताशी येतं, सर्व्हेच्या कामात त्याला किंमत आहे. मैत्रीण घेते म्हणून घेऊ नका एवढंच.

पुण्याला जायचं का हा प्रश्न प्रत्येक घरात होतोच. गोखले इन्स्टिट्यूट, १९३० ची, देशातल्या जुन्या अर्थशास्त्र संस्थांपैकी एक, धनंजयराव गाडगीळांनी उभी केलेली. तिथं बी.एस्सी. इकॉनॉमिक्स आहे, गणितावर भर, आणि एम.एस्सी. पण आहे. मिळालं आणि परवडलं तर जा. पण कुठल्यातरी साध्या कॉलेजात बी.ए. करायला पुण्यात खोली, मेस, गाडीचं पेट्रोल असा खर्च करण्यात मला काही हशील दिसत नाही. तेवढ्या पैशात इथं घरी राहून तीन वर्षं निघतात, वर एक बरा लॅपटॉप येतो, आणि एम.ए. ला बाहेर जायला पैसे शिल्लक राहतात. डिग्री घरात, मास्टर्स बाहेर, हा आपल्या खिशाला जमणारा हिशोब.

पायरी ४: तीन वर्षांत वर्गाबाहेर काय करायचं

वर्गातलं करालच. बाहेरचं सांगतो.

पहिल्या वर्षी भाषेची वही. आपण मराठीतून शिकतो, त्यात कमी काही नाही, संकल्पना आईच्या भाषेतच पक्की बसते. पण पुढच्या परीक्षा, मुलाखती, रिपोर्ट सगळं इंग्लिशमध्ये, आणि "मागणीची लवचिकता" येणारा पोरगा इलॅस्टिसिटी म्हटलं की गोंधळतो. म्हणून वहीचं पान मधोमध दुमडा, डावीकडं मराठी शब्द, उजवीकडं इंग्लिश, खाली गावातलं एक उदाहरण. रोज तीन शब्द. वर्षात हजार होतात. सोबत एक इंग्लिश आर्थिक पेपर, सगळा नाही, फक्त एक लेख, कळो न कळो. रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती बसते तेव्हा गव्हर्नरांचं निवेदन वाचाच, सहा सदस्यांची समिती आहे, महागाई ४ टक्क्यांवर ठेवायची आणि फार तर दोन टक्के वर-खाली, हे त्यांचं काम, आणि आईच्या किराण्याच्या बिलाशी ते जुळतंय का हे तपासायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही.

दुसऱ्या वर्षी एक्सेल, नीट. नुसती बेरीज नाही, पिव्होट टेबल, लुकअप, आलेख. त्यानंतर आर किंवा पायथन (आकडेवारी हाताळायच्या प्रोग्रामिंग भाषा), दोन्ही फुकट, दोन्हींच्या मागं एकदम लागू नका, एकच धरा. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन साइटवर कोर्स आहेत, परीक्षा दिली तर क्रेडिटपण धरता येतात, कॉलेजात विचारून घ्या.

आणि तिसऱ्या वर्षाच्या आत एक काम. हे सगळ्यात महत्त्वाचं म्हणून जरा खोलात जातो. आपण कोल्हापूरकर नशीबवान आहोत, इकॉनॉमिक्सच्या पुस्तकात जे जे आहे ते सगळं बारा-पंधरा मैलांत आहे. सहकारी साखर कारखाने, दूध संघ, इचलकरंजीचे माग, हुपरीची चांदी, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या, कोल्हापुरी चपलेला २०१९ ला मिळालेलं जीआय (भौगोलिक) मानांकन. दिल्लीतल्या पोराला सहकार म्हणजे काय हे पुस्तकातून वाचावं लागतं, आपल्याला चुलत्यानं सकाळी डेअरीला पाठवलेलं असतं.

एक उदाहरण करून दाखवतो. उसाच्या बिलाचं. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचाच असा सरकारनं ठरवलेला दर, आहे क्विंटलला ३५५ रुपये, १०.२५ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघते ते). त्याच्या वर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा. समजा एका कारखान्याचा उतारा १२ टक्के, म्हणजे १.७५ टक्के जास्त, म्हणजे साडेसतरा वेळा ३.४६, झाले ६०.५५. एकूण ४१५.५५ क्विंटलला, टनाला ४१५५ रुपये ५० पैसे. यातून तोडणी-ओढणी वजा होते, समजा टनाला ९०० रुपये, तर शेतकऱ्याच्या हातात ३२५५. आता शेजारच्या कारखान्याचा उतारा ११.५ असेल तर तिथं एफआरपी ३९८२ रुपये ५० पैसे. फरक टनाला १७३. एकरी ४० टन धरले तर ६९२० रुपये. नुसत्या अर्ध्या टक्क्याच्या उताऱ्यापायी! मग प्रश्न सुरू होतात. शेतकरी जास्त उताऱ्याच्या कारखान्याला ऊस का घालत नाही? लांबचा असेल तर ओढणी वाढते, सभासदत्व असतं, तोडणीची टोळी कोण लवकर देणार हे असतं. ऊस तुटला की वाळायला लागतो, वजन घटतं, म्हणजे शेतकरी थांबू शकत नाही, मग किंमत ठरवण्यात जोर कुणाचा? पैसे १४ दिवसांत द्यायचे असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, प्रत्यक्षात काय होतं? उतारा कुठल्या हंगामाचा धरायचा यावरून भांडणं का होतात?

बघा, एका बिलात किंमत नियंत्रण, वाहतूक खर्च, खरेदीदाराची मक्तेदारी, माहितीचा अभाव, सगळं आलं. आता गल्लीतल्या, गावातल्या तीस शेतकऱ्यांची मागच्या तीन हंगामांची बिलं गोळा करा (नावं झाकून, विचारून), एक्सेलमध्ये भरा, पैसे किती दिवसांनी आले, उतारा किती, कारखाना किती लांब, आणि पंधरा पानांचा रिपोर्ट लिहा, पाच पानं मराठी सारांश, दहा पानं इंग्लिश. चुका असू देत. मी एम.ए. च्या दुसऱ्या वर्षी असंच काहीतरी दुधाच्या फॅटवर केलं होतं, आलेख वाकडे, इंग्लिश त्याहून वाकडं, पण आजची नोकरी ज्या मुलाखतीत लागली तिथं चाळीसपैकी तीस मिनिटं त्याच रिपोर्टवर बोललो. मार्कशीट त्यांनी उघडून बघितली नाही.

आकडेवारी कुठून आणायची? सरकारी सांख्यिकी मंत्रालयाच्या साइटवर श्रमशक्ती सर्व्हे, उपभोग खर्च सर्व्हे यांचा कच्चा डेटासुद्धा फुकट मिळतो. रिझर्व्ह बँकेचा डेटाबेस आहे. बाजार समित्यांचे रोजचे दर अॅगमार्कनेटवर. राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी बजेटच्या तोंडावर येते, मराठीत पण असते. आणि फार कमी जणांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रत्येक जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन काढतं. कोल्हापूर जिल्ह्याचं काढून वाचा, आपलाच जिल्हा नव्यानं कळतो.

पायरी ५: ओजेटी आणि इंटर्नशिप

सर्टिफिकेटवर शिक्का मारून घेण्यापुरती ओजेटी करणारे पुष्कळ आहेत. तुम्ही पतसंस्थेत, दूध संघात, बाजार समितीत, उद्यमनगरातल्या एखाद्या युनिटमध्ये जा, आणि पहिल्या दिवशी साहेबांना सांगा, "सर, तुमच्याकडं कागदावर पडलेला कुठलाही हिशोब द्या, मी एक्सेलमध्ये घालून देतो." कुठलाही साहेब याला नाही म्हणत नाही. पतसंस्थेत थकबाकीची यादी किती दिवस थकलीय त्यानुसार लावून दिली, कुठल्या कारणाच्या कर्जात थकबाकी जास्त हे एका पानावर मांडलं, की तुम्ही क्रेडिट अॅनालिसिस (कर्ज फिटेल का ते तपासणं) नावाचं काम केलेलं असतं. खातेदारांची माहिती बाहेर न्यायची नाही, फोटो काढायचे नाहीत, हे मात्र सांभाळा.

पायरी ६: मास्टर्स

खरं करिअर इथून सुरू होतं, कारण चांगल्या जागांना बहुतेक ठिकाणी एम.ए. किंवा एम.एस्सी. लागतं. रस्ते साधारण असे. आयआयटी जॅममध्ये (आयआयटींच्या मास्टर्सची प्रवेश परीक्षा) २०२० पासून इकॉनॉमिक्सचा पेपर आहे, फेब्रुवारीत होतो, १०० मार्क, सूक्ष्म, स्थूल, संख्याशास्त्र, गणित आणि भारतीय अर्थव्यवस्था. कुठल्याही शाखेचा पदवीधर देऊ शकतो, त्यामुळं बी.टेक.ची पोरंपण असतात, घाबरायचं नाही पण गणित का म्हणून ओरडत होतो ते कळलं असेल. सीयूईटी पीजी साधारण मार्चमध्ये, त्यावर दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, जेएनयू आणि बाकीची केंद्रीय विद्यापीठं. आयएसआयची (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची) स्वतःची परीक्षा, सगळ्यात अवघड. मुंबईत गोरेगावला आयजीआयडीआर (इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था), रिझर्व्ह बँकेनं १९८७ मध्ये उभी केलेली. पुण्यात गोखले. तयारी टी.वाय.च्या जूनपासून, त्याच्या आधी गणित झालेलं पायजे, आणि मागच्या पाच वर्षांचे पेपर घड्याळ लावून. फॉर्मच्या तारखा सप्टेंबरपासून पुढं विखुरलेल्या असतात, कॅलेंडरवर लाल पेननं लिहा, माझ्या बॅचच्या दोघांचं वर्ष फक्त तारीख हुकल्यानं गेलं.

आणि ह्यातलं काहीच नाही झालं तर? शिवाजी विद्यापीठ आहेच की. १९६२ चं, फी कमी, खर्डेकर ग्रंथालयात पुस्तकांना तोटा नाही, आणि दुपारी अभ्यासाचा कंटाळा आला तर कॅम्पसवर मोर. मी तिथंच केलं. फरक एवढाच की बाहेरच्या संस्थेत स्पर्धा तुम्हाला ढकलत नेते, इथं स्वतःलाच ढकलावं लागतं. रोज ग्रंथालयात दहा ते पाच बसणाऱ्याला इथूनही नेट-जेआरएफ (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा आणि संशोधनाची फेलोशिप) लागते, आणि कॅन्टीनमध्ये बसणाऱ्याला दिल्लीतूनही लागत नाही.

पायरी ७: नोकरीचे दरवाजे, खरे खरे

इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस. यूपीएससी घेते, इकॉनॉमिक्सची पदव्युत्तर पदवी लागते, वय २१ ते ३०. इंग्लिश आणि सामान्य अध्ययन प्रत्येकी १००, अर्थशास्त्राचे चार पेपर प्रत्येकी २०० चे, मुलाखत २००, एकूण १२००. जागा फार थोड्या, पण बसणारेही आयएएससारखे लाखांनी नसतात. मराठी पोरं इकडं फारशी वळत नाहीत, का कोण जाणे.

रिझर्व्ह बँक ग्रेड बी. जनरलला पदवीला ६० टक्के, आणि दुसऱ्या टप्प्यात आर्थिक-सामाजिक मुद्द्यांचा अख्खा पेपर, आपल्या पोरांचं तिथं फावतं. संशोधनाची वेगळी शाखा आहे, डीईपीआर, तिथं मास्टर्स लागतं. नाबार्ड ग्रेड ए चा पेपर तर कोल्हापूरच्या पोरांसाठीच काढल्यासारखा, शेती आणि ग्रामीण विकास.

राज्यात अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची भरती निघते, सहायक संशोधन अधिकारी, सांख्यिकी सहायक अशी पदं. रोज निघत नाही, पण निघाली की इकॉनॉमिक्सवाले पात्र असतात आणि निम्म्यांना जाहिरातच माहिती नसते. एमपीएससी-यूपीएससी करायची तर करा, इकॉनॉमिक्सचा फायदा होतो, पण किती वर्षं देणार हे आधी कागदावर लिहून घरात कुणाकडं तरी ठेवायला द्या. मी हे सांगतोय कारण माझ्या खोलीतल्या चौघांपैकी कुणीच लिहिलं नव्हतं आणि पुण्यात सात-सात वर्षं कशी गेली ते कळलं नाही.

प्राध्यापकी. एम.ए. ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट. सेट पुणे विद्यापीठ घेतं. जेआरएफ लागली तर महिना ३७,००० फेलोशिप, पीएच.डी. सुखानं होते. पण सेट झाली म्हणजे कॉलेजात लागलो असं नाही, पूर्णवेळ जागा निघायची वाट बघत तासिका तत्त्वावर दहा दहा वर्षं काढलेले आमच्यातले पुष्कळ आहेत, दोन कॉलेजं मोटारसायकलवर करायची, पैसे सहा महिन्यांनी, मे महिना कोरडा. शिकवायची आवड असेल तरच, आणि हातात दुसरं कौशल्य ठेवून.

खाजगीत रेटिंग कंपन्या, बँकांचे क्रेडिट विभाग, मार्केट रिसर्च, डेटा अॅनालिटिक्स, सर्व्हे करणाऱ्या संशोधन संस्था. बहुतेक पुण्या-मुंबईत. सुरुवातीचा पगार ऐकून बाबा म्हणतील यापेक्षा फौंड्रीत सुपरवायझर बरा, आणि पहिली दोन वर्षं ते खरंही असेल. सर्व्हेच्या संस्थांना मराठी बोलणारी, गावात जाऊन बसू शकणारी आणि संध्याकाळी तोच डेटा लॅपटॉपवर साफ करू शकणारी पोरं लागतात. ह्या तिन्ही गोष्टी एका माणसात सहसा मिळत नाहीत. माझा प्रवेश तिथूनच झाला, ग्रामीण कर्जांवर काम करणाऱ्या संस्थेत, पहिले सहा महिने नुसते फॉर्म तपासले.

पैशाचं थोडं. महाडीबीटीवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा फॉर्म वेळेत भरा, उत्पन्नाचा दाखला एप्रिल-मेमध्येच काढा, जुलैत सेतू केंद्रावर रांग बघून जीव जातो. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या (वेगवेगळ्या समाजांसाठीच्या) संस्थांच्या स्पर्धा परीक्षा आणि फेलोशिपच्या योजनांवर लक्ष ठेवा. खेड्यातून येणार असाल तर बोर्डिंगांची चौकशी करा, शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाची वसतिगृहं काढली, म्हणूनच पोरं इथं शिकू शकली.

भाचीनं प्रवेश घेतलाय, इकॉनॉमिक्स मेजर, बाबा अजून थोडे गप्पच आहेत. गणिताची वही मी चालू करायला लावली. काल रात्री साडेअकराला पहिल्या पाच गणितांचा फोटो आला, खाली "मामा बगा की बरोबर हाय काय". तिसऱ्यात वजाचं चिन्ह खाल्लंय. परत करायला लावलंय.